भामाबाईची चूल आणि गावाची संस्था

आमच्या नांदेडच्या मिशनला एक खूळ आहे. काम सुरू करायचं, रुळलं की गावाची स्वतंत्र संस्था काढून तिच्या हाती द्यायचं आणि आपण निघून यायचं. बोलायला सोपं. सोपवायला जातो तो मी, शांतवन मास्तर, एसटीचे धक्के खात.

एका दुष्काळात अहमदपूरकडच्या एका गावात आमचं खिचडी केंद्र होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, त्यामुळे आता सगळं सरकारच करणार अशी गावाची खात्री. खिचडी रांधायची भामाबाई. बौद्धवाड्यातली, नवरा वारलेला, दोन पोरी. या चुलीवरच तिचं घर चालायचं. पाणी किशनराव पाटलांच्या विहिरीचं, कारण बाकीच्या आटल्या होत्या. साऱ्या गावची लेकरं एका पंगतीत जेवायची.

संस्था काढा, संस्था काढा म्हणून माझ्या तोंडाला फेस आला. अध्यक्ष कोण? तर म्हणे, "पाळकसाहेब." अहो, ते आमच्या मिशनचे प्रमुख, ते तर निघाले. "मग तुमी व्हा." पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी किशनराव अध्यक्ष झाले, भामाबाई सभासद झाली, नोंदणी झाली. मी पेढे वाटले.

पुढच्या खेपेला गेलो तर चूल थंड. भामाबाई शाळेच्या पायरीवर बसलेली.

"रांधायला दुसरी बाई बघायलोत," किशनराव म्हणाले. "आमच्यातली."

"इतके दिवस हिच्याच हातचं खाल्लं की लेकरांनी."

"तवा ते मिशनचं होतं, मास्तर. मिशनच्या अन्नाला कोन जात इचारतंय? आता संस्था गावाची हाय. तुमीच म्हनलात, आपलं आपन ठरवा."

मी कपाळाला हात लावला. वर्षभर घसा कोरडा केला, त्यातलं नेमकं एवढंच यांच्या डोक्यात शिरलं. संताप आला आणि लाजही वाटली. म्हणालो, पाळकसाहेबांनाच घेऊन येतो.

"नगं," भामाबाई उठली. "सायेब आले की समदे हाव म्हनतील. गेले की पुन्हा चूल थंड. पाटील, सभा बोलवा. मीबी सभासद हाय."

शाळेच्या खोलीत सभा भरली. मी सवयीने पुढे जाऊन बसलो.

"मास्तर, तुमी भाईर बसा," भामाबाई म्हणाली. "ही आमची सभा हाय."

बाहेर लिंबाखाली बसून मी चरफडत राहिलो. आत आवाज चढले. मग तिचा एकटीचा ऐकू आला, "ज्याच्या लेकराला माज्या हातचं बाधलं, त्यानं हात वर करावा." मी खिडकीतून डोकावलो, एकही हात वर नव्हता.

ती बाहेर आली, चूल पेटवली, पातेलं चढवलं. मागून किशनराव आले, तोंड आंबट करून. गड्याला हाक न मारता स्वतःच विहिरीवरून घागर आणली आणि तिच्या पातेल्यात ओतली.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं ते आमच्यात," भामाबाई म्हणाली. "तुमी निघा आता, मास्तर. गाडी चुकंल."

हेच ऐकायला तर मी वर्षभर जीव काढला होता. तरी फाट्यापर्यंत मला तिचा रागच येत राहिला.