धुराड्याची वाट

कंपनीच्या साहेबाने दुकानाची रुंदी मापली, कोपऱ्यावरचा दर्शनी भाग मापला, समोर गाड्या कुठे लागतील ते पाहिलं. धाकटा त्याच्या मागे मागे फिरत होता. वह्या-पेनांचं चालतं दुकान मोडून, कपाटं भंगारात घालून त्याने या बर्गरवाल्या कंपनीकडे अनामत भरली होती. जागा नापास झाली तर अनामत बुडते, हे त्याला सही केल्यावर नीट समजलं होतं.

“जागा झकास आहे,” साहेब म्हणाला आणि छताकडे पाहू लागला. “धुराडं कुठून नेणार?”

“मागच्या भिंतीतून.”

“चालत नाही. तळणाचा धूर सरळ गच्चीवर गेला पाहिजे. वळणात तेल साचतं, मग पेटतं. वर कोण राहतं? त्यांची लेखी संमती लागेल.”

वर दादा राहत होता. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. तेव्हा दादाने एकच मागितलं होतं, पाण्याचा पाइप दुकानाच्या कोपऱ्यातून वर नेऊ दे. माझ्या छताला भोक पडणार नाही, असं धाकट्याने चारचौघांत सुनावलं होतं. दादाचा पाइप मग इमारतीला वळसा घालून वर गेला आणि वहिनीच्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली.

धाकटा जिना चढला.

“भावजी, तुम्हाला जिना सापडला म्हणायचा,” वहिनी म्हणाली. “बसा. चहा टाकते. पातेलं भरेपर्यंत तेवढा दम धरा.”

धाकट्याने उभ्या उभ्याच काम सांगितलं. दादा चष्मा पुसत ऐकत होता.

“केवढं जाड?”

“कवेत मावेल एवढं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यातून.”

“तिथे माझी कॉट असते.”

“सरकवू की.”

“कुठे?”

धाकट्याने विषय बदलला. “भाडं देईन. तुझा पाइपही दुकानातून सरळ काढून देतो. उद्याच.”

“आज आठवलं तुला.”

“दादा, अनामत जाईल रे सगळी.”

“कधी?”

“शुक्रवारपर्यंत तुझी सही नाही मिळाली तर.”

“बरं,” दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला. “विचार करतो. शनिवारी ये.”

धाकट्याने नळाकडे पाहिलं. पातेलं अजून अर्धंच भरलं होतं.