चुलीपासून खिडकीपर्यंत

ओटिल्काला सरळ चालायला मी शिकवलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

ओटिल्का माझी धाकटी बहीण. नाझी छळछावणीत जर्मन लष्करी डॉक्टरांनी तिची पोटरी चिरून आत काचा आणि घाण भरली, सैनिकांच्या जखमांवरचं औषध तपासायला. अशा पोरींना तिथे ‘ससे’ म्हणत. सुटून आल्यापासून ती पाय ओढत चालायची आणि भर उन्हाळ्यातही जाड मोजे घालायची. तो पाय तिने आईलासुद्धा दाखवला नाही.

युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या कोर्टातून साक्षीचं बोलावणं आलं. तिची पोटरी चिरणाऱ्या डॉक्टर फॉसलरवर खटला उभा राहिला होता.

"त्या मेल्यासमोर लंगडायचं नाही," मी बजावलं. आम्ही पोलंडमधल्या लुब्लिनची माणसं. घर गेलं, बाबा गेले, ताठा तेवढा उरला होता. दोन महिने मी तिला चुलीपासून खिडकीपर्यंत चालवलं.

"बदक बरं तुझ्यापेक्षा! चल, पुन्हा!"

"तूच जा ना ताई साक्षीला, एवढी हौस आहे तर," ती चिडून म्हणायची आणि दातओठ खात वळायची.

कोर्टात ती दारापासून खुर्चीपर्यंत काठीशिवाय, मान वर करून गेली. मागच्या बाकावर मी अभिमानाने फुलून गेले.

तेवढ्यात फॉसलरचा वकील उठला. "बाईंची चाल सगळ्यांनी पाहिली. आणि म्हणे, माझ्या अशिलाने हिला पांगळं केलं!"

आमचा ताठा नेमका त्या डॉक्टरच्या कामी आला होता.

ओटिल्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती वाकली आणि एवढ्या पुरुषांसमोर तिने मोजा उतरवला. पोटरी अशी उरलीच नव्हती, नुसतं हाड आणि त्यावर ताणलेली निळसर कातडी. कुणीतरी हुंदका दिला. फॉसलर मात्र चष्मा सावरून पुढे झुकला.

"जखम छान भरलीय," तो म्हणाला. दुभाष्याने तेही आम्हाला नीट सांगितलं.

पुढे त्याला जन्मठेप झाली. पण त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी सवयीने ओटिल्काचा दंड धरला, तिला सरळ करायला.

"ताई, सोड," ती म्हणाली. "आता मला लंगडू दे."