माटोळीचं वजन

दुपारी पावणेचारला गोव्यातल्या लाटंबार्शात कमलाक्षी गावस यांच्या घरातली माटोळी छपराच्या पाइपासकट खाली आली. चतुर्थीचा दुसरा दिवस होता. कमलाक्षी समईत तेल घालायला वाकल्या होत्या. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेले नारळ, निरफणस, केळ्यांचा घड, सुपाऱ्यांनी लगडलेला पोफळीचा शिपटा, सगळं त्यांच्या मानेवर आलं. मूर्तीचा उजवा हात मोडला. शेजाऱ्यांनी आधी कमलाक्षींना बाहेर काढलं, मग भटजींना फोन केला. त्यानंतर गौरेशला.

गौरेश तेव्हा डिचोलीत मामाच्या घरी पानावरून उठून हात धूत होता. "छप्पर इला रे खाली," एवढंच शेजारी म्हणाला. पुढचं गौरेशला विचारावं लागलं नाही. असंच छप्पर पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आणखी अठरा घरांवर होतं, आणि त्या प्रत्येक घरात या क्षणी माटोळी टांगलेली होती.

ती घरं त्यानेच निवडली होती. पत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी मिळून एक न्यास काढला होता, त्यात गौरेश दोन वर्षं नोकरीला होता. न्यासाची कामं दोन: कमी लोखंडात उभ्या राहणाऱ्या हलक्या, थंड छपराच्या संशोधनाला पैसा पुरवायचा, आणि ज्यांचे नळे, म्हणजे कौलं, गळतात अशा घरांना छप्पर फुकट घालून द्यायचं. ही दोन कामं एकाच घरात उरकली जात. ज्याला मदत, त्याच्याच डोक्यावर प्रयोग. यात लपवाछपवी नव्हती. माहितीपत्रकात ते अभिमानाने छापलं होतं.

छपराचा आराखडा कुडाळच्या इंजिनिअर श्रद्धाचा. वारा पत्रा कसा उचलेल, ऊन किती आत येईल, पाऊस कुठून शिरेल, याचा हिशेब तिने नीट केला होता. माटोळीचा केला नव्हता. जुनी छपरं उतरवताना सर्वेश फिटरने प्रत्येक घरातले माटोळीचे चार हुक जपून काढले आणि नव्या पाइपांना बसवून दिले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. या भागात घर म्हटलं की ते हुक आलेच.

छपरं ताब्यात देण्याचा कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात झाला, तेव्हा कमलाक्षींनी उठून विचारलं होतं, "माटोळी पेलतली मगे रे, बाबा?"

गौरेश हातात माईक घेऊन हसला. "काकी, कुजलेल्या वाशांनी पेलली, हे तर लोखंड! बिनधास्त टांगा." मंडपात टाळ्या पडल्या होत्या.

संध्याकाळी तो कमलाक्षींच्या घरी पोचला तेव्हा त्यांना बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मूर्तीचं विसर्जन घाईघाईत उरकलं होतं. जमिनीवर फळं पडली होती, आंबाड्यांचा आंबट वास सुटला होता. पाइप मधल्या जोडापाशी दुमडला होता.

श्रद्धाने फोनवर पाइप कुठे दुमडला ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या घरीही असते ना माटवी, तुमची माटोळीच ती. तपासणीला आले होते तेव्हा हुक बघितले होते मी, गौरेश. बघितले आणि पुढे गेले. घरात असतातच ते."

न्यासाचे अध्यक्ष दत्तप्रसाद यांचा फोन त्यानंतर आला. त्यांनी आवाज चढवला नाही. बाकीच्या घरांना लगेच टेके द्या, बांबूंचा टेम्पो पाठवतो, हॉस्पिटलचं न्यास बघेल, असं सगळं रीतसर सांगितलं. मग म्हणाले, "आणि खाली पडलंय त्याचं वजन करून ठेव. किती भाराला पाइप गेला ते कळल्याशिवाय पुढचं छप्पर कसं करणार? लोकांनी सामान हलवायच्या आत कर."

बोलणं बरोबरच होतं. म्हणून गौरेशने शेजारच्या दुकानातून काटा आणला आणि नारळ मोजायला बसला. काही नारळांवर कुंकवासारखं लाल होतं. ते कुंकू नव्हतं. ते त्याने पुसले नाहीत, काट्यावर ठेवले.

कमलाक्षींचा मुलगा प्रज्योत आईची लुगडी न्यायला आला तो दारातच थांबला.

"वजन करतंस?"

"बाकीच्या घरांसाठी लागतं रे. परत असं होऊ नये म्हणून."

"कर, कर. फुकटचा छप्पर घेतलाव, येवढा करूक व्हयाच." तो आत गेला, पिशवी भरून बाहेर आला. "आवयच्या मानेर किती पडला, ता वेगळा लिव हां."

त्या संध्याकाळपासून गौरेश आणि सर्वेश बांबू घेऊन फिरले. माटोळी उतरवायला कुणीच तयार नव्हतं; देव घरात असताना ती उतरवत नाहीत, हे गौरेशलाही माहीत होतं. टेके मात्र बहुतेकांनी लावू दिले. नार्व्यात एका म्हाताऱ्याने टेक्यालाच हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकच घर उरलं, धारगळचं, शिवदासचं.

शिवदासने माटोळी स्पर्धेत नाव दिलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या माटोळ्यांत नसलेली रानफळं त्याने तिळारीच्या रानातून आणली होती, आणि चौकट दिसेनाशी होईपर्यंत बांधली होती. परीक्षक पाचव्या दिवशी यायचे होते.

"माझ्या गणपतीच्या घराक कुबड्यो लावतंस?" तो म्हणाला. "परीक्षक काय म्हणतले? पैलो नंबर बांबवाक?"

"शिवदासकाका, लाटंबार्शात माणूस पडलंय अंथरुणाला."

"तेची गाठ सुटली आसतली. माझी सुटाची नाय." त्याने गौरेशकडे रोखून पाहिलं. "आणि तुझ्याच तोंडान सांगलंस मरे! बिनधास्त टांगा म्हणान. मी मंडपातच बसललंय. टाळ्यो वाजयल्यो, दोनूय हातांनी."

"ते चुकलं माझं."

"मगे आजचा बरोबर कशावरसून?"

शिवदासची बायको सरस्वती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अवो, ऐका तेचा जरा." शिवदासने ऐकलं नाही. निघताना सर्वेशने तिला सांगितलं, "काकी, पोरांका हय झोपवू नका. आणि पाइपार लक्ष ठेवा."

पोलिसांत जावं का, पंचायतीत जावं का, यात चौथा दिवस गेला. चतुर्थीच्या सुटीत पंचायतीला कुलूप होतं. पोलीस म्हणाले, माणसाच्या घरातला देव आम्ही कसा उतरवणार? दत्तप्रसाद म्हणाले, "त्याच्याकडून लिहून घे, की तू सांगितलं होतंस." गौरेशने लिहून घेतलं नाही.

पाचव्या दिवशी तो बांबोळीला गेला. कमलाक्षी डोळे उघडून छताकडे बघत होत्या. पाय अजून हलले नव्हते. डॉक्टर पुढचं काही सांगत नव्हते. प्रज्योतने त्याला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो उभाच होता तेव्हा सरस्वतीचा फोन आला.

"बाबा, पाइप वाकल्यासारखो दिसता. सकाळी इतको नाय होतो."

"काकी, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता. काकांना फोन द्या."

"ते आत आसत. परीक्षक इलेत. मागसून सगळो वाडो भितर गेलो बघूक." तिच्यामागे टाळ वाजत होते, आरती सुरू झाली होती. "मी हाक मारतंय, कोणाक आयकाक येना."

फोन तिने तसाच चालू ठेवला आणि ती आत गेली; आरतीच्या मध्येच तो बंद पडला. छप्पर टिकलं की नाही, हे संध्याकाळी पाचपर्यंत धारगळहून कळलं नव्हतं.