ठकीची नोंद

सोनुबाईने अर्ज खिडकीतून आत सरकवला, पण त्याच्यावरचा हात काही काढला नाही. हात काढला की कागद कुठल्यातरी फायलीखाली जातो, एवढं शहाणपण तिला मागच्या दोन खेपांनी आलं होतं.

"मावशी, हात काढलात तर वाचीन ना," ग्रामसेविका निशिगंधा म्हणाली.

मग हात निघाला.

खालापूरहून दोन गाड्या बदलून सोनुबाई नेरळजवळच्या आपल्या माहेरगावी, या ग्रामपंचायतीत, तिसऱ्यांदा आली होती. पासष्टीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण गाडी चुकली तर चालत निघेल अशी जिद्द. तिला स्वतःच्या जन्माचा दाखला हवा होता. गेल्या भाऊबीजेला तिने धाकट्या भावाला, सखाला, ओवाळलं आणि त्याने ताटात लुगडं ठेवलं. संक्रांत यायच्या आत त्याच सखाने बापाच्या जमिनीला वारस म्हणून आपलं एकट्याचं नाव लावायचा अर्ज दिला. बहीण नाही, असं त्यात लिहिलं होतं.

गावात जागोजागी बिल्डिंगी उठत होत्या, जमिनीला सोन्याचा भाव आला होता, हे तिलाही दिसत होतं. हक्क सोडल्याची सही मागितली असती तर तिने चहा पितापिता करून दिली असती. सगळ्याच बहिणी देतात. पण त्याने मागितलीच नाही. लाज वाटली म्हणून की नकार येईल या धास्तीने, ते त्याचं त्याला ठाऊक. तिला मात्र मुळासकट खोडलं होतं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

कागद फायलीखाली गेले खरे, पण पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या त्या तिच्याच चुकीने. निशिगंधाने एकोणसाठ सालचं रजिस्टर दोनदा पालथं घातलं, पण सोनुबाई नावाची मुलगी गावात जन्मलीच नव्हती. घरी गेल्यावर, भाकरी थापता थापता, तिच्या डोक्यात उजेड पडला. सोनुबाई हे नाव लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. जन्मली होती ती ठकी. शेहेचाळीस वर्षं सासरच्या नावाने वावरलेल्या बाईला आपलं पहिलं नाव आठवायला दोन खेपा पडल्या. चुलीपाशी ती एकटीच हसली होती.

आज ठकी सापडली. जन्मलेलं मूल मुलगी, नाव ठकी, बापाचं नाव बाळू गोमा ठोंबरे. सोनुबाईला वाचता येत नव्हतं. निशिगंधाने दाखवलेल्या ओळीवर तिने नुसतं बोट ठेवलं आणि तिला भरून आलं.

एवढ्यावर भागणार नव्हतं. हा दाखला ठकीचा, आणि ठकी म्हणजेच सोनुबाई असं माहेरच्या कुणीतरी लिहून द्यायला हवं, असं निशिगंधाने समजावलं. जुनी माणसं केव्हाच गेली होती. उरली ती सखाची भावकी, आणि भावकीत वाईटपणा कोण घेणार? शेवटी निशिगंधाने सखालाच बोलावणं धाडलं. तो यायचा नाही असं सोनुबाईला वाटत होतं, पण तासाभरात तो आला, टोपी सारखी करत.

बहिणीकडे त्याने बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्याने सांगितलं की ठकी आपली बहीण खरी, पण ती लहानपणीच वारली. या बाई खालापूरच्या, लांबच्या नात्यातल्या.

सोनुबाईला वाटलं, उठावं आणि याच्या कानाखाली वाजवावी. कडेवर घेऊन बांधाबांधाने फिरवलेलं पोर हे. पण ती जागची हलली नाही.

"मेली म्हणतो ना?" ती निशिगंधाला म्हणाली. "मग तिच्या मरणाची नोंद काढा, बाई. जल्माची निघाली, तशी तीबी निघंल."

निशिगंधाने वर्ष विचारलं. सखाने मान खाजवली आणि सात-आठ वर्षांची असेल म्हणाला. पुढेमागे असू दे म्हणून निशिगंधाने पासष्ट सालापासून मृत्यूची रजिस्टरं काढली. सोनुबाईने खुर्ची जवळ ओढली आणि नावं मोठ्याने वाचायला सांगितली.

वाचन सुरू झालं. सोनुबाई प्रत्येक नावाला माणूस जोडत गेली. हा आमचा आजा, भर पावसात गेला, लाकडं वली म्हणून रॉकेल ओतावं लागलं. ही शेजारची बाळंतीण. हा जनावर चावून गेला, आंब्याखाली. पान उलटत होतं, ठकी काही कुठे मेलेली सापडत नव्हती. सखा दाराशी उभा राहून ऐकत होता. कॅलेंडरकडे बघायचं त्याने सोडून दिलं होतं.

अडुसष्ट सालच्या एका नावापाशी निशिगंधा थांबली. पतीचं नाव बाळू गोमा ठोंबरे.

"ही आमची आय," सोनुबाई म्हणाली. "हा पाच वर्सांचा व्हता. आयला नेली तवा माझ्या मांडीवर निजला व्हता. मी उठवला नाय."

निशिगंधाने पुढची दोन वर्षंही वाचून काढली आणि अशी नोंद नाही म्हणून सांगितलं. सोनुबाईच्या घशाला कोरड पडली होती. बाहेरच्या माठातलं पाणी प्यायला ती गुडघ्यावर हात देऊन उठली. दाराबाहेर शिपायाने नुकतीच फरशी पुसून घेतली होती.

"ठके, बघून जा गं. वली हाय."

"बघितलं रं," म्हणत सोनुबाईने पाऊल जपून टाकलं, आणि दुसरं टाकायच्या आधी थांबली.

सखाचा हात तिला धरायला पुढे झाला होता, तो तसाच राहिला. निशिगंधाने रजिस्टर मिटलं. एक कोरा कागद आणि पेन टेबलाच्या सखाकडच्या कडेला सरकवलं.

सखा खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने पेन नुसतंच धरून ठेवलं.

"काय लिवायचं?" त्याने खाली बघूनच विचारलं.

"आत्ता हाक मारलीस, तेच लिव," सोनुबाई दारातून म्हणाली.