दोष सेटअपचा

"बाबा, हळू नेमकं कोण आहे? गाडी की तुम्ही?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पैज वर्गातल्या दोघींची होती. एक लंबू, एक चिमणी. त्यांची अटच होती की बाबांना एकटं गाठून विचारायचं नाही. शर्यत संपल्यावर, माइक चालू असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी देतानाही घसा खाकरायचे. यंदा काय झालंय कोण जाणे, तोंड एकदा उघडलं की मिटायचं नाव घेत नाही.

आमच्या बाबांना कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचा नाद आहे. जेवणाच्या खोलीत भंगारातून आणलेली खऱ्या गाडीची सीट, समोर स्टिअरिंग, खाली पेडल आणि वर तीन स्क्रीन असा सगळा थाट आहे. त्यापायी जेवणाचं टेबल भिंतीला चिकटलं, आणि आम्ही तिघं बसच्या थांब्यावर बसल्यासारखे एका रांगेत, भिंतीकडे तोंड करून जेवतो. शर्यतीला बसताना बाबा हातमोजे घालतात. सीटबेल्टसुद्धा लावतात. खऱ्या गाडीत मात्र आईने दोनदा सांगितल्याशिवाय लावत नाहीत.

शहरातल्या हौशी लोकांची ऑनलाइन लीग आहे, दर रविवारी शर्यत. त्या रविवारी बाबा शेवटून दुसरे आले होते. शेवटच्याचं इंटरनेट गेलं होतं.

माझ्या प्रश्नावर माइकवर एक बाई खळखळून हसल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, पहिल्या आलेल्या टीमच्या कॅप्टन.

"गाडी," बाबा म्हणाले. "सरळ रस्त्यावर पळतच नाही. सेटअप अजून बसलेला नाही."

"हो सर," स्पीकरमधून आवाज आला. "सेटअपच."

हे हो-सर काका. बाबा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख आहेत आणि काका त्यांच्या हाताखाली. आठवडाभर 'हो सर' करून त्यांचं समाधान होत नसावं, म्हणून रविवारीही ते आपल्या घरून बाबांच्या टीममध्ये गाडी चालवतात. टीममधला तिसरा भिडू जुळी मुलं झाल्यावर पळाला, तेव्हापासून त्याचं स्टिअरिंग आमच्या माळ्यावर पडून होतं आणि जागा रिकामी. ती मला हवी होती. मागितली की बाबांचं उत्तर ठरलेलं, "आधी सेटअप समजून घे, मग स्टिअरिंगला हात लाव."

सेटअप म्हणजे शर्यतीआधी गाडीची केलेली जुळवाजुळव. टायरमध्ये हवा किती, स्प्रिंग किती कडक, मागचा पंख किती उभा. आता बाबांनी काय काय केलं होतं बघा. गाडी सरळ रस्त्यावर हळू, म्हणून त्यांनी मागचा पंख आडवा केला. पंख आडवा झाला की हवा गाडीला खाली दाबत नाही, म्हणून वळणात मागची बाजू घसरायला लागली. ती घसरू नये म्हणून पुढची बाजू कडक केली, तर गाडी वळेनाशी झाली. वळावी म्हणून ब्रेकचा जोर मागच्या चाकांवर दिला, तर ब्रेक लावताच ती स्वतःभोवती गिरकी घ्यायला लागली. दुखणं पोटात आणि मलम पाठीला, तेही रोज नवं. नाचता न येणारी माणसं अंगण वाकडं म्हणून गप्प बसतात. आमचे बाबा कुदळ घेऊन अंगण सपाट करायला निघतात आणि आपणच खणलेल्या खड्ड्यात पडतात.

"प्रश्न विचारायला काय जातंय," बाबा तिथेच, माइकवर मला म्हणाले. "शुक्रवारी सरावाला बस. एक फेरी माझ्यापेक्षा जलद मारून दाखव, रविवारची जागा तुझी."

"सगळ्यांनी ऐकलंय हं," मी माइकमध्ये म्हणाले.

"ऐकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो सर," काका म्हणाले. नेमकं कोणाला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही तिघी घरी. बाबा ऑफिसातून येईपर्यंत सीट माझी. आधी बाबांचा सेटअप लावून बघितला. पहिल्याच वळणावर गाडीने पाठ फिरवली, दुसऱ्यावर वळायला नकार दिला, तिसऱ्यावर कुंपणात घुसली.

"ही गाडी आहे की रुसलेली म्हैस?" लंबू म्हणाली.

"म्हैस निदान बोलावल्यावर बघते तरी," चिमणी म्हणाली.

मग मी बाबांचं सगळं काढून टाकलं आणि गेमसोबत आली तशी, कोणाचा हात न लागलेली गाडी घेतली. ती शहाण्यासारखी वळली. म्हणजे चुका होत्या त्या माझ्याच होत्या, आणि हे कळलं की किती बरं वाटतं म्हणून सांगू. मी वळणाच्या फार जवळ येऊन ब्रेक दाबत होते आणि झटकन सोडत होते. थोडं आधी दाबायचा आणि गाडी वळत जाईल तसतसा हळूहळू सोडत जायचा. स्टिअरिंग सरळ व्हायला लागेपर्यंत उजव्या पायाने घाई करायची नाही. सांगायला सोपं आहे. चिमणी खुर्चीवर उभी राहून "आत्ता सोड, अजून नको, आत्ता" असं कानाशी ओरडत होती, आणि एकदा तिच्या नादात मी खरोखरच स्टिअरिंग सोडलं.

एका संध्याकाळी आई तिच्या औषधांच्या दुकानातून लवकर आली. दारातूनच विचारलं, "काय म्हणतोय पेशंट?"

"बाबांची सगळी औषधं बंद केली."

"मग सुधारेल," आई म्हणाली आणि चप्पल काढायला वळली.

गुरुवारी बाबा चालवत असताना एक स्क्रीन काळी झाली. "बाळा, खाली वाक आणि वायर खोच, मला थांबता येत नाही," बाबा म्हणाले. थांबता येत नव्हतं म्हणजे, मागे कोणी उरलं नव्हतं पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी सीटखाली शिरले, वायर खोचली, आणि मान वळवली तर समोर बाबांचा डावा पाय.

राखाडी मोज्यातला तो पाय ब्रेकच्या पेडलवर विसावला होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतं ना, तसा. आणि उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसला होता. वर स्क्रीनवर सरळ रस्ता चालला होता आणि बाबा म्हणत होते, "बघ, बघ, कशी मेल्यागत पळतेय."

बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी रविवारच्या शर्यतीचं रेकॉर्डिंग लावलं, मागून दिसेल असं. सगळ्यांच्या गाड्यांचे ब्रेकचे लाल दिवे वळणापाशी लागत आणि विझत. बाबांचे सरळ रस्ताभर लागलेले. पंख, स्प्रिंग, हवा, इतके महिने चाललेलं ते सगळं खोदकाम त्या एका मोज्यावर उभं होतं.

मी हो-सर काकांना फोन लावला. "काका, बाबांच्या गाडीचे ब्रेकचे दिवे कधी विझतच नाहीत. सरावाला तुम्ही तर त्यांच्या मागेच असता. दिसले नाहीत?"

"दिसतात ना," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, दिव्यांचाच बिघाड असेल."

"काका."

"बरं, नाही वाटलं. पण हे बघ, सरांनी मला कधी विचारलं का? आणि पुढच्या महिन्यात माझ्या बढतीचा विषय सरांच्या टेबलावर यायचाय. अशा वेळी माणसाने साहेबाच्या पायाबद्दल बोलू नये."

लंबूचं म्हणणं, शुक्रवारची फेरी होईपर्यंत मीही बोलू नये. पाय ब्रेकवर राहू दे, जागा खिशात घाल, मग हवं तर सांग. चिमणीचं म्हणणं, मुळात सांगूच नको. मी लंबूचं ऐकलं. चिमणीचं ऐकायला हवं होतं.

शुक्रवारी सरावाला सगळी लीग हजर होती. आधी बाबा बसले, मग मी. माझी फेरी बाबांच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा अर्ध्या सेकंदाने जलद निघाली. मी सीटमधून उठले आणि स्क्रीनवरचा आकडा बाबांना बोटाने दाखवला.

"ट्रॅक गार झाला होता," बाबा म्हणाले. "गार ट्रॅकवर कोणीही पळवतं."

"बाबा, तुमचा डावा पाय ब्रेकवर टेकलेला असतो. सरळ रस्त्यावरसुद्धा. मी स्वतः बघितलाय."

बाबांनी वाकून पायाकडे पाहिलं. जणू तो शेजाऱ्यांचा पाय होता आणि न विचारता आत आला होता.  ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांचा श्वास रोखलेला मला माइकवर ऐकू येत होता, म्हणजे एकूण एक जणांचा.

मग बाबांनी मेनू उघडला. त्यात डेडझोन म्हणून एक सोय असते. पेडल थोडं दाबलं गेलं तरी दाबलंच नाही असं गाडीने समजायचं. बाबांनी तो आकडा वाढवला.

"बाबा, पाय उचला ना. फुकट आहे."

"पाय उचलणं हा तात्पुरता उपाय," बाबा म्हणाले. "इलाज मुळावर करायचा असतो."

पहिल्या फेरीत गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटली की बाबांनी "अरे वा" म्हणेपर्यंत वळण येऊन गेलं आणि बाबा रस्त्याबाहेरच्या वाळूत. दुसऱ्या फेरीतही वाळूत. गाडी इतक्या वेगाने तिथे कधी पोचलीच नव्हती, त्यामुळे ब्रेक कुठे लावायचा हे त्यांना नव्याने शिकावं लागत होतं. पण शिकले. वाळूचा बराच भाग अंगावर घेऊन झाल्यावर एक फेरी अशी लागली, की माझ्यापेक्षा केसभर जलद.

बाबांनी हातमोजे काढले. "काय सांगत होतो मी? सेटअपच होता."

"हो सर," काका म्हणाले.

"पण जागा माझी," मी म्हणाले. "आधी मी जलद होते."

"अट काय होती? माझ्यापेक्षा जलद. आता जलद कोण?"

"अहो, शब्द दिला होता तुम्ही," आई दारातून म्हणाली.

"शब्द पाळतोच आहे. अक्षर न् अक्षर." मग बाबा माझ्याकडे वळले आणि आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला सगळ्यात जास्त लागला. "तुझी नजर चांगली आहे गं. तू आमची इंजिनिअर हो. शेजारी बसून पेट्रोल किती, टायर कसे, सांगत जा. पाणी वगैरे हाताशी ठेव. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे ज्या पायाने मला जागा मिळवून दिली असती, तो मीच दाखवून दिला आणि बक्षीस म्हणून पाण्याचा ग्लास मिळाला.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा आवाज आला. "घोडा लंगडत असेल तर मी खोगीर बदलत नाही, आधी पाय बघते. पोरी, तुला घोडे कळतात." बाबा हसले. हे आपल्याबद्दल नाही अशी त्यांची खात्री होती. नंतर बाईंचा मला वेगळा मेसेज आला. मी तो दोनदा वाचला, मग लंबूला आणि चिमणीला वाचून दाखवला. या वेळी कोणी पैज लावली नाही.

शनिवारी आम्ही नेहमीसारखे रांगेत जेवत होतो. बाबा भिंतीला उद्देशून डेडझोनची महती सांगत होते. मी माझी खुर्ची उचलली, फिरवली, टेबलाच्या टोकाला ठेवली आणि दोघांच्या तोंडासमोर बसले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या मी डॉक्टरबाईंच्या टीममधून चालवणार. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सीट आहे, आई त्यांना ओळखते. त्यांनी मेसेज करून बोलावलं, मी हो कळवलंय. आई, मला सोडशील तर बरं, नाहीतर बसने जाईन. आणि बाबा, तुमच्यासाठी पाण्याचा जग भरून ठेवते, पण मागून येऊन हॉर्न वाजवलात तर बाजूला होणार नाही."