खाऱ्या शेतातला राता

चंद्रावती लग्न होऊन निडीला गेली, तेव्हा पेणच्या खाडीकाठच्या तिच्या माहेरी घराच्या पायरीपासून खाडीच्या बांधापर्यंत भातच भात होतं. आता ती साठी उलटून गेलेली. माहेरी आली की तिकडे बघवत नसे. मोठा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं होतं आणि तिच्या धाकट्या भावाने, हिरामणने, शेतीचं नाव टाकलं होतं.

गणपतीला महिना-दोन महिने असताना ती आली, तर पडवीत वाद चाललेला. हिरामणची सून मृणाली गावातल्या बायांचा गट चालवायची. खाऱ्या पाण्यात कुठलं भात तग धरतं ते आपणच पेरून बघायचं, असं गटाने ठरवलं होतं. तिने सासऱ्याकडे शेताचा एक कोपरा मागितला होता.

"मिठात भात पेरता व्हय?" हिरामण म्हणाला. "लोक हसतील."

"आपला बाप मिठातच पेरायचा," चंद्रावती म्हणाली. "राता."

मृणालीने कधी हे नावही ऐकलं नव्हतं.

"लाल तांदूळ गो तो," चंद्रावती सांगू लागली. लोंब्यांना लांब कुसं असायची, पाखरंसुद्धा लवकर तोंड लावत नसत. या जमिनीत लावणी नसायची. मोड आलेलं बी बाप गुडघाभर चिखलात उभा राहून फेकायचा. मग आई पेज घेऊन यायची, सोबत भाजलेला जवळा. बांधावर तिघं-चौघं एकाच ताटाभोवती बसायची आणि हिरामण तिच्या वाटचा जवळा पळवायचा. पुढे बांध पक्का झाला, पांढऱ्या तांदळाची नवी बियाणी आली आणि राता मागे पडला. कधी संपला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आता बी कुठं मिळणार?" मृणालीने विचारलं.

चंद्रावतीला तिची नणंद आठवली. कृष्णाबाई रोह्याच्या पुढे खाडीलगतच्या गावात दिलेली. दुसऱ्या दिवशी ती थेट तिच्याकडे गेली. कृष्णाबाईने उतरंडीतलं मडकं खाली घेतलं.

"लेकींच्या बाळंतपणाला पेज लागते, म्हणून दरसाल मूठभर पेरते," ती म्हणाली. "आता नातसुना कुकरातला पांढरा भात मागतात. घेऊन जा."

हिरामणने कोपरा दिला, पण तोंड वाकडं करूनच. बायांनी लहान लहान वाफे केले. एकात राता, बाकीच्यांत इकडून-तिकडून जमवलेली बियाणी. कुठलं बी कुठे ते कळावं म्हणून प्रत्येक वाफ्यात काठीला रंगीत चिंधी बांधली. पेरताना मात्र हिरामणला राहवलं नाही. तो धोतर खोचून चिखलात उतरला.

भादव्यातल्या उधाणाला खाडी पुन्हा आत आली. वाफे बुडाले. पाणी ओसरल्यावर एकेक वाफा पिवळा पडत गेला. एका नव्या वाणाने थोडा जीव धरला. राता आडवा झाला होता, तो हळूहळू उठला. हिरामण रोज सकाळी न सांगता बघून यायचा आणि निडीला परतलेल्या चंद्रावतीला फोन करायचा, "बाय, उभा हाय."

दिवाळीनंतर कापणी झाली. दाणा थोडाच निघाला. गटाच्या बैठकीत बायांनी मोकळेपणाने बोलून घेतलं: पोट भरायला राता पुरायचा नाही, पण बांधाजवळ जिथे दुसरं काहीच येत नाही तिथे तोच लावायचा. वरच्या शेतात ते नवं वाण. दोन घरांनी लगेच बी मागितलं.

गिरणीत लाल साल निघून जाते, म्हणून माहेरी आलेल्या चंद्रावतीने तांदूळ उखळात सडला आणि पेज केली. हिरामणने भुरका मारला आणि डोळे मिटले.

"तशीच हाय," तो म्हणाला.

चंद्रावतीने दोनदा चाखून बघितली. तिला तशी लागली नाही. आईच्या पेजेला चुलीच्या धुराचा वास असे, की ते पाणीच वेगळं होतं, काही उमगेना.

"नाय लागत तशी," ती म्हणाली.

"आता कशी लागंल, बाय," हिरामण म्हणाला. "तवा भूक केवढी असायची."

ती हसली, तो हसला. मृणालीने दोघांच्या ताटांत आणखी वाढलं. मग किती तरी वेळ ती दोघं आईविषयी बोलत बसली. आई गेल्यापासून दोघं अशी कधी बोलली नव्हती.