दुसऱ्याच्या हाती वजन

बुटाच्या नाडीची गाठ तशीच होती — दोन वर्षांहून आधी, या वर्गाला आली होती त्या शेवटच्या दिवशी घाईघाईत, नाडी न सोडताच पाय ओढून काढला होता तेव्हाची — आणि आता इतकी घट्ट बसलेली, की नखालाही दाद देत नव्हती. जिन्याखालच्या बाकावर ती गाठीशी झटापट करत राहिली. वरून गाण्याचा ठेका आणि बायकांच्या पायांची धपधप ऐकू येत होती. व्यायामाचा वर्ग सुरू झाला होता. आता गुपचूप परत फिरलं तर कोणाला कळणारही नव्हतं... पण घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं? गाठ सुटेना म्हणून आले?

सकाळी त्यांनीच तर तिला हाकललं होतं. पक्षाघातानंतर काठी टेकत घरभर फिरायला त्यांना दोन वर्षं लागली होती. जीभ अजून अडखळायची, पण टोमणा मारायचा म्हटला की शब्द कसे बिनचूक बाहेर पडायचे. “अगं, जा की. मलाही... जरा एकटं बसू दे.” ती हसली होती. मग ओट्याशी उभी राहिल्यावर ते मनाला लागलंही होतं, खोटं कशाला बोला. जिने एवढे दिवस डोळ्यांत तेल घालून जपलं, तिचाच कंटाळा?

शेवटी गाठीसकटच पाय बुटात कोंबून ती वर गेली. आरशात बायकांची रांग नाचत होती आणि दारात एक थोराड, दमलेली, कुठेतरी पाहिलेली बाई — अगं बाई, ही तर मीच!

टपालबाईने तिला हेरलं. जन्मभर पोस्टाच्या खिडकीवर बसलेली, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. बोलणंही शिक्का मारल्यासारखं. “आलीस का? ये. सरका गं सगळ्या.” आणि ठेका न चुकवता सगळ्या खरंच सरकल्या. मग पुढचा सगळा वेळ तिचा उजवा पाय डाव्याच्या जागी जात राहिला, आणि सगळ्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“जोड्या करा,” शिकवणारी म्हणाली. ती वयाने लेकीएवढी, पण सगळ्यांची ताईच. समोरासमोर उभं राहून एकमेकींची मनगटं धरायची आणि एकीने मागे झुकायचं, दुसरीने तोलायचं. तिची जोडी पूर्वीसारखी टपालबाईशीच. टपालबाई मागे झुकली मात्र... हिचा हात मनगट सोडून थेट टपालबाईच्या कमरेला गेला, मुठीत पँटचा पट्टा आला, गुडघा गुडघ्याला भिडला, आणि तोंडातून निघालं, “घाबरायचं नाही, मी आहे. हं, उठा बरं.”

“अगं, मी पडत नाहीये!” टपालबाई ओरडली. “पँट सोड माझी!”

सगळा वर्ग हसला. तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी कसलं आहे तेच तिला कळेना. रोज पलंगावरून ह्यांना ती असंच उठवायची. घरी व्यायाम घ्यायला येणारी बाई कधीची सांगत होती — आता धरू नका, त्यांचा तोल त्यांना सापडू द्या. तरी हिची मूठ पट्ट्यावर जायचीच. ते पडतील म्हणून... की सोडलं तर या हातांचं करायचं काय, म्हणून?

“आता तू झुक.”

“मी जड झालेय गं.”

“टपालाच्या गोण्या ओढल्यात मी. ये.”

ती झुकली, पण वजन सगळं स्वतःच्या टाचांत ठेवून, नुसतं झुकल्याचं सोंग.

“मला फसवतेस? दे की!”

दे की. किती सोपं असल्यासारखं म्हणाली ही... तिने टाचा सैल केल्या. दंड ताणले गेले, पाठीच्या कण्याजवळ कधीपासूनचं आवळलेलं काहीतरी हळूहळू सुटत गेलं, आरसा डोळ्यांसमोरून गेला आणि नुसतं छत उरलं — पांढरं, रिकामं — आणि टपालबाईची दोन खरखरीत, खात्रीची मनगटं. पडत नव्हतो आपण. धरतही नव्हतो कुणाला.

आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की झुकल्यापासून घर मनात आलंच नव्हतं. ती दचकली, लाजही वाटली. खुर्चीत एकटेच बसले असतील ते... तेही आत्ता मला विसरले असतील का? असतील तर — असू देत बिचारे. जरा वेळ विसरू देत. तिला त्यांच्याविषयी इतकी माया कित्येक दिवसांत वाटली नव्हती.

“पुरे?” टपालबाईने विचारलं.

“थांब,” ती छताकडे बघत म्हणाली. “अजून जरा.”